बिघाड इतका नीटनेटका नसतो

मुलाखतीतला पहिलाच प्रश्न चालू होता आणि बाईंचं तोंड उघडं राहिलं. पडद्यावर, म्हणजे. डोळे अर्धे मिटलेले, ओठ कुठल्याशा अक्षरावर अडकलेले. आवाज तेवढा तुकड्यातुकड्यांनी येत होता, पाणी जायच्या आधी नळ खोकतो तसा. मी माझा आलेख दाखवायला घेतला, तो त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. शेवटी त्यांच्या शेजारच्या गृहस्थांचा आवाज आला, "अहो, तुमचं नेट..." आणि पुढे काही नाही.

मी खोलीबाहेर आले तेव्हा ताई जिन्यातच उभी होती. माझा चेहरा बघून तिने काही विचारलं नाही, जवळ घेतलं. तिच्या अंगाला दुकानाचा वास होता, ओल्या काचेच्या भुकटीचा. आम्ही दोघी थोडा वेळ तशाच रडलो.

"बाळ," ती म्हणाली, "जे आपलं असतं ते कुठे जात नाही. आणि जे जातं ते आपलं नसतंच."

तेव्हा मला ते धीराचं बोलणं वाटलं.

नोकरी धुकं मोजायची होती. दूरच्या एका डोंगरमाथ्यावरच्या संशोधन केंद्रात धुक्यातून प्रकाशाचा किरण सोडतात आणि तो किती विखुरतो त्यावरून थेंब केवढे आणि किती दाट हे ठरवतात. पदवीच्या शेवटच्या वर्षी मी याच विषयावर एक छोटा प्रकल्प केला होता, काचेच्या पेटीत, वाफेच्या इस्त्रीवर. वाफ लगेच विरते. आकडे स्थिर व्हायच्या आत थेंब उडून गेलेले असतात. खरं धुकं एका जागी तासन्तास बसून राहतं हे मी फक्त वाचलं होतं. काम दोन वर्षांचं, आणि राहायचंही तिथेच. शेवटच्या फेरीत जे मोजके उमेदवार उरले होते, त्यांत मी होते.

संध्याकाळी त्यांचा मेल आला. शुक्रवारी सकाळी पुन्हा बोलू, पण या वेळीही संपर्क तुटला तर नाइलाजाने पुढच्या उमेदवाराचा विचार करावा लागेल. भाषा सभ्य होती, अर्थ सरळ होता. शुक्रवारपर्यंत बिघाड सापडला नाही तर धुकं गेलं.

आमचं घर चष्म्याच्या दुकानावर आहे. खाली रस्त्याच्या बाजूला दुकान, त्याच्या मागे काचा घासायची खोली, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. दुकान भाऊजींचं. ते पुढे बसून डोळे तपासतात, ताई मागे काचांच्या कडा घासून त्या फ्रेममध्ये बसवते. आई-बाबा गेले तेव्हा मी शाळेत होते आणि ताई कॉलेजात. तिने कॉलेज सोडून या दुकानात नोकरी धरली आणि पुढे मालकाशीच लग्न केलं. "मला एकावर एक फ्री मिळालं," असं भाऊजी माझ्याकडे बोट दाखवून येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे. मला ते शंकासुर म्हणतात, कारण लहानपणी त्यांच्या प्रत्येक उत्तरावर मी "कशावरून?" म्हणून विचारायचे.

नवा कॉम्प्युटर त्या दोघांनीच मला भेट दिलेला, शेवटच्या फेरीचं कळलं त्याच आठवड्यात. माझ्या जुन्या लॅपटॉपचा कॅमेरा मेलेला होता आणि बिजागरी मोडलेली. भिंतीला टेकवल्याशिवाय त्याचा पडदा उभा राहत नसे. नेटचा डबा खाली दुकानात, मधे जाड भिंती, म्हणून भाऊजींनी जिन्यातून माझ्या टेबलापर्यंत केबल ओढलेली आहे. मोबाइलला माझ्या खोलीत रेंज हवी असेल तर हात खिडकीबाहेर काढावा लागतो. तेव्हा जे काय व्हायचं ते त्या केबलवरच. कॉम्प्युटर आला त्या दिवशी ताईने पडद्यावरचं पातळ प्लास्टिक स्वतः नखाने सोललं होतं, एकही ओरखडा न पडू देता. भाऊजी म्हणाले होते, "मुलाखत घेणाऱ्यांच्या नाकावरचे केससुद्धा दिसतील बघ यात." आणि दोन-चार दिवसांतच नेट रडायला लागलं.

"पायगुण," भाऊजी जेवताना म्हणाले. "नव्या पाहुण्याचा पायगुण वाईट. खाली दुकानातही सगळं रखडतंय."

"दुकानातही? खरंच?"

"अगं, बिल निघेपर्यंत गिऱ्हाइकाचा नंबर वाढतो."

ताई हसली नाही. "राहू दे ना आता तो विषय," ती म्हणाली. "जेव."

विषय राहू देणं मला जमत नाही.

पहिला संशय अर्थात नव्या कॉम्प्युटरवर. नवीन मशीन सुरुवातीचे काही दिवस हावरटासारखं काय काय उतरवून घेत असतं. ते सगळं मी बंद केलं. फरक नाही. मग घरातली बाकीची खाणारी तोंडं एकेक करून बंद केली. टीव्ही, ताईचा फोन, बिलाचं मशीन, डोळे तपासायचं मशीन. एका वेळी एकच बदल करायचा आणि प्रत्येक बदलानंतर मोजायचं. भाऊजीही हेच करतात. डोळ्यापुढे एक काच घालतात, ती काढून दुसरी घालतात आणि विचारतात, "हे बरं, की हे?" दोन काचा एकदम बदलल्या तर त्या उत्तराला काही अर्थ राहत नाही.

"तुम्ही दुकानात मॅच बघता," मी त्यांना म्हणाले. "दिवसभर चालू असते फोनवर."

"आवाज बंद असतो."

"आवाज बंद केला म्हणून चित्र कमी येत नाही, भाऊजी."

"बरं बाई, सोडली मॅच." त्यांनी फोन गल्ल्यात टाकला आणि गल्ला ढकलून बंद केला. "लोकांनी मेहुण्यांसाठी घरं लिहून दिली असतील, पण मॅच? चालू मॅच? कुणी सोडली नसेल."

मॅच खरंच सुटली. नेट होतं तसंच राहिलं.

मग केबल. टेबलाखालून जिन्यात आणि जिन्यातून खाली डब्यापर्यंत मी ती बोटांनी चाचपत गेले. टेबलाखाली अंधार होता, म्हणून ताईला हाक मारली. ती हात पुसत वर आली आणि टॉर्च धरून माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसली.

"जरा डावीकडे धर. अजून. हां, तिथेच."

"कुठे कुरतडलंय का?"

"नाही गं. अगदी नवी दिसतेय."

"मग काय झालं असेल?" ताई म्हणाली. तिचा हात हलत नव्हता. काचेच्या कामाने तिचा हात फार स्थिर झालाय. उजेडाचं वर्तुळ मला हवं तिथे जसंच्या तसं पडत होतं. "किती घाम आलाय तुला. सोड आता. सरबत करते."

दुसऱ्या दिवशी नेट कंपनीचा माणूस आला. खांद्यावर केबलचं वेटोळं, तोंडात काडी. माझं सगळं बोलणं त्याने मान हलवत ऐकून घेतलं.

"नवीन मशीन आणलंत ना? मग मशीनच. आमची लाइन चोख आहे."

"मशीनच कशावरून?"

"मॅडम, बारा वर्षं हेच करतोय."

"शंकासुर आहे आमची," भाऊजी मागून म्हणाले. "बारा वर्षं कशावरून, तेही विचारेल."

तो हसला आणि त्याने दुकानात उभं राहून आपल्या फोनवर वेग मोजून दाखवला. आकडा सर्रकन वर गेला. आम्ही ज्याचे पैसे भरतो तेवढा पूर्ण वेग.

"तुम्ही तर म्हणालात, दुकानातही रखडतंय," मी भाऊजींना विचारलं.

"आता चालतंय खरं." ते फ्रेम पुसत होते. "डॉक्टर दारात आला की ताप उतरतो, तसं."

मी हसले. पण वर गेल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. रखडतंय हे मला भाऊजींनी सांगितलं होतं. मी स्वतः दुकानात एकदाही मोजलं नव्हतं. ऐकलेली गोष्ट मी मोजलेल्या गोष्टींच्या ओळीत बसवली होती, आणि ती घरच्या माणसाने सांगितली म्हणून कुठे बसवतेय ते बघितलंही नव्हतं.

म्हणून मी पहिल्यापासून सुरुवात केली. दर मिनिटाला आपोआप वेग मोजून त्याचा आलेख काढणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. आधी केबल जुन्या लॅपटॉपला लावली, त्याला भिंतीला टेकवला आणि जेवायला गेले. परत येऊन पाहिलं तर आलेख बराच वर होता आणि दातेरी, करवतीसारखा. कधी वर, कधी थोडा खाली. तीच केबल, तोच डबा, आणि वेग अगदी ठीक. मग केबल काढून नव्या कॉम्प्युटरला लावली आणि समोर बसून राहिले.

नव्याचा आलेख तळाशी होता. मला त्याचं नवल वाटलं नाही, नवल वाटलं ते त्याच्या आकाराचं. ती सरळ रेघ होती. पट्टी ठेवून ओढलेली. मी स्वयंपाकघरातून पाणी पिऊन आले, तरी रेघ सरळच.

मी आजवर जे काही मोजलंय, ते थरथरलंय. वाफेतले थेंब, दिव्याचा प्रकाश, वर्गातल्या घड्याळाचा लंबकसुद्धा. बिघाड तर जास्तच थरथरतो. तार सैल असेल तर वेग कोसळतो, सावरतो, पुन्हा कोसळतो. मशीन हावरट असेल तर कधी खातं, कधी थांबतं. एवढी सरळ रेघ यायची तर वेग कशावर तरी जाऊन टेकलेला असावा लागतो, एखाद्या छतावर. आणि छत आपोआप तयार होत नाही. ते कुणीतरी घालतं.

अजून एक गोष्ट तपासायची राहिली होती. नेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राचा एक क्रमांक असतो, बोटांच्या ठशासारखा. डबा त्यावरून यंत्र ओळखतो. तो क्रमांक बदलता येतो. मी जुना लॅपटॉप बंद केला आणि त्याचा क्रमांक नव्या कॉम्प्युटरला लावला. म्हणजे नव्याला जुन्याचा मुखवटा घातला. केबल तीच, मशीन तेच, फक्त नाव दुसरं.

रेघ उसळून वर गेली आणि करवतीसारखी हलायला लागली.

काम झालं होतं. शुक्रवारची मुलाखत हा मुखवटा घालून सहज देता आली असती, आणि शहाण्या माणसाने इथे थांबून गरम कपड्यांचा विचार केला असता. पण डब्याला कुणीतरी सांगून ठेवलं होतं की बाकी सगळ्यांना हवं तेवढं दे, हिला मात्र एवढंच. डबा आमच्याच दुकानात होता आणि घरात आम्ही तिघंच होतो.

मी खाली गेले. भाऊजींसमोरच्या खुर्चीत एक काका बसले होते, नाकावर तपासणीची जड गोल फ्रेम. भाऊजी तिच्यात काच घालत होते.

"हे बरं, की हे?"

"आधीचं," काका म्हणाले.

"भाऊजी, नेटच्या डब्यातलं सेटिंग कुणाला बदलता येतं?"

"कंपनीच्या माणसाला."

"आणि घरात?"

त्यांनी काच काढली आणि तीच परत घातली. "हे बरं, की हे?"

"अहो, हे तेच आहे," काका म्हणाले.

"भाऊजी."

"ॲप आहे एक," ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "कनेक्शन तुझ्या ताईच्या नावावर आहे ना. तिच्या फोनवर आहे ते. मला पासवर्डही माहीत नाही."

"मी पासवर्ड विचारला नाही. कुणी काय बदललं ते तुम्हाला माहीत आहे का, ते विचारतेय."

काकांनी फ्रेममधून आधी माझ्याकडे पाहिलं, मग भाऊजींकडे. "मी जरा वेळाने येऊ का?"

"बसा हो," भाऊजी म्हणाले. मग हळू आवाजात, "मी तिला म्हटलं होतं, असं करू नकोस."

दुकानाच्या भिंतींवर सगळीकडे आरसे आहेत, फ्रेम घालून बघायला. त्या सगळ्यांत भाऊजी खाली मान घालून उभे होते.

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. दुकानात रखडतंय म्हणालात."

"म्हणालो."

"मग मॅच कशाला सोडलीत?"

त्यांनी हातातली काच पुसायला घेतली. ती पुसलेलीच होती. "काहीतरी सोडावंसं वाटलं," ते म्हणाले.

मागच्या खोलीत घासायचं चाक फिरत होतं. त्यावर पाण्याची बारीक धार पडत होती, आणि ताई एका काचेची कड त्याला लावून बसली होती. तिने मान वर केली नाही, पण दार उघडल्यावर तिचे खांदे जरा वर गेले.

"ताई, तुझा फोन दे. नेटचं ॲप बघायचंय."

ताईचा फोन कधी मागावा लागत नाही. तो ओट्यावर, जिन्यात, गल्ल्याच्या कडेला कुठेही पडलेला असतो आणि तो शोधून देणं हे माझंच काम असतं. आज तो तिच्या ॲप्रनच्या खिशात होता.

"हात ओले आहेत," ती म्हणाली.

"मी काढून घेते."

"थांब. एवढी काच होऊ दे."

मी थांबले. ती काच घासत राहिली, फिरवत राहिली. काच केव्हाच पुरेशी घासून झाली असणार. ती इतकी घासली गेली की कुठल्याच फ्रेममध्ये बसली नसती. मग ताईने चाक बंद केलं, हात पुसले आणि फोन स्वतःच काढून माझ्यापुढे धरला.

ॲपमध्ये तीन कप्पे होते. मोठे, पाहुणे, मुलं. पहिल्या कप्प्यात आमचं सगळं घर होतं. टीव्ही, फोन, दुकानाची मशीनं, माझा जुना लॅपटॉपसुद्धा. 'मुलं' कप्प्याला एक सरकपट्टी होती, एका टोकाला ससा, दुसऱ्याला कासव. पट्टी पार कासवाला चिकटलेली. त्या कप्प्यात एकच यंत्र होतं.

ते यंत्र नुसतं क्रमांकाने ठेवलं असतं, तर निदान माझ्या नजरेस आकडेच पडले असते. पण आमच्या दुकानात नाव घातल्याशिवाय काहीही ठेवत नाहीत. काचेच्या प्रत्येक पाकिटावर नाव, इवल्या स्क्रूंच्या डब्यांवरही नाव. वर्षानुवर्षं ताईचा हात तसाच चालत आलाय. इथेही तिने चिठ्ठी लावली होती, 'बाळ'.

"कधी केलंस हे?"

"तुझ्या मुलाखतीच्या आधी."

"किती आधी?"

ताईने ॲप्रनचं टोक बोटाला गुंडाळलं. "आधी एकदा करून पाहिलं. कितपत होतं ते. मी खालून तुझ्या नव्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉल केला होता, आठवतंय? तू म्हणालीस, 'ताई, तू अडकतेयस.'"

आठवत होतं. तिचा चेहरा चौकोनाचौकोनांत फुटला होता आणि मी खदखदून हसले होते. "काही नाही, सहज केला," असं म्हणून तिने फोन ठेवला होता. म्हणजे तिनेही प्रयोग केला होता. एकच बदल केला, मोजून पाहिलं, आणि हवं ते उत्तर आलं म्हणून तसंच ठेवलं.

"का?"

"मला वाटलं, ते नाही म्हणतील. तू चार दिवस रडशील आणि मग इथेच राहशील. इथे काय कमी आहे तुला? कॉलेजवाले शिकवायला बोलावतायतच."

"मग 'जाऊ नकोस' म्हणायचं होतंस."

"मी म्हटलं असतं तर तू गेली असतीस?"

मी खरंच विचार केला. "माहीत नाही."

"नसतीस गेली," ताई म्हणाली. "मला माहीत आहे. म्हणूनच म्हटलं नाही. मग जन्मभर माझ्याकडे बघताना तुला तेवढंच दिसलं असतं."

"म्हणून नकार त्यांच्या तोंडून यायला हवा होता."

"हो."

"आणि रडायला मी तुझ्याकडेच आले असते."

तिने ॲप्रनचं टोक सोडून पुन्हा गुंडाळलं.

"आलेच ना," मी म्हणाले. "जिन्यात. तूही रडलीस, ताई. ते कशासाठी होतं?"

"ते खरं होतं."

"कशावरून?"

हा प्रश्न मी तिला आयुष्यात कधी विचारला नव्हता. भाऊजींना विचारायचे, शिक्षकांना विचारायचे, पुस्तकांना विचारायचे. ताईने सांगितलेलं कधी तपासावं लागलं नव्हतं. परीक्षेच्या दिवशी तिने कपाळाला हात लावून "ताप नाही" म्हटलं की ताप नसायचा. पण या प्रश्नाचं उत्तर कुणाजवळही नसतं. रडणं मोजता येत नाही.

"तू टॉर्च धरलास," मी म्हणाले. "मी टेबलाखाली घामाने भिजलेली, आणि तू शेजारी बसून टॉर्च धरलास. मग काय झालं असेल, असं मला विचारलंस."

"तू धर म्हणालीस म्हणून धरला."

"हात हललासुद्धा नाही तुझा."

ताईने आपल्या हातांकडे पाहिलं, जणू ते तिला कुणी आत्ताच आणून दिले होते. मग तिने फोन घेतला, काहीतरी सरकवलं, दाबलं. "काढलं बघ. आता नाही काही. जा, सगळं नीट होईल."

मी वर गेले आणि जुन्याचा मुखवटा काढून वेग मोजला. तिने खरंच काढलं होतं. थोड्या वेळाने पुन्हा मोजला. आणि शुक्रवारी उठल्यावर, दात घासायच्या आधी, पुन्हा.

मधल्या काळात घरात सगळं रोजच्यासारखं चाललं, फक्त कुणी विनोद केला नाही. भाऊजी माझ्यापुढे मीठ सरकवायचे आणि मी ते घ्यायचे. ताईने माझा मुलाखतीचा शर्ट इस्त्री करून दाराच्या कडीला लावून ठेवला होता. मी दुसरा घातला.

बाई या वेळी स्वच्छ दिसत होत्या. चष्मा डोक्यावर सरकवलेला, मागे फळ्यावर अर्धवट पुसलेलं समीकरण. शेजारचे गृहस्थ कप घेऊन बसले होते. त्यांनी माझा प्रकल्प विचारला, इस्त्रीचं ऐकून हसले, मग थेंब विरतात त्याची चूक कशी धरली ते विचारलं. मी आलेख दाखवले. ते पोचले.

"आणि गेल्या वेळचं?" बाईंनी विचारलं. "बिघाड सापडला का?"

"बिघाड नव्हता. माझ्या मशीनचा वेग मुद्दाम कमी केलेला होता."

"कशावरून?"

मी सरळ रेघेचं सांगितलं. त्यांनी चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला. "वा," त्या शेजाऱ्यांना म्हणाल्या, "थरथर नाही म्हणून संशय आला हिला." मग माझ्याकडे वळून, "कुणी केला होता ते मी विचारत नाही."

"बरं," मी म्हणाले.

"पण एक विचारावं लागेल. इथे दोन वर्षं राहायचं आहे. रस्ता अनेकदा बंद असतो, फोन लागतो न लागतो. या जागेवर आधी घेतलेला मुलगा हुशार होता, पण घरून रोज बोलावणं यायचं. शेवटी ऐन हंगामात सगळं अर्धवट टाकून गेला. म्हणून विचारते. तुमच्या घरच्यांची काही हरकत?"

'नाही' एवढं म्हणून पुढे जाता आलं असतं. सगळे तेच म्हणत असणार. दाराबाहेर जिन्यात कुणीतरी उभं आहे हे मला कळत होतं. तिथली एक पायरी वजन पडलं की वाजते आणि ती मघाशी वाजली होती.

"एक मिनिट," मी म्हणाले. "विचारून सांगते."

मी उठून दार उघडलं. ताई कठड्याला धरून उभी होती. ॲप्रनला काचेची पांढरी भुकटी लागलेली. पकडली गेल्यासारखी ती एक पाऊल मागे गेली.

"ताई, त्या विचारतायत, घरच्यांची काही हरकत आहे का."

"हे काय करतेयस?" ती कुजबुजली. "नाही म्हणून सांग ना."

"मी कशी सांगू? मला माहीत नाही. तू मला कधी सांगितलंच नाहीस."

"बाळ..."

"त्या थांबल्यात."

ताईने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. टेबलावरच्या पडद्यात दोन अनोळखी माणसं तिच्याकडेच बघत असल्यासारखी बसली होती. तिने कठडा आणखी घट्ट धरला. मी ताईला इतकी वर्षं पाहतेय, पण काही बोलायच्या आधी तिची हनुवटी अशी थरथरताना कधी पाहिली नव्हती.

"आहे," ती म्हणाली.

"त्यांना ऐकू जाईल असं सांग."

"आहे हरकत." या वेळी आवाज खोलीत पोचला. "माझी. हिने जाऊ नये असं मला वाटतं. मला हिच्याशिवाय करमणार नाही, आणि ही तिकडे गेली की परत येणार नाही, असं मला वाटतं."

मी परत येऊन खुर्चीत बसले. बाईंच्या शेजारच्या गृहस्थांनी कप खाली ठेवला होता.

"ऐकलंत," मी म्हणाले. "घरच्यांची हरकत आहे."

"ऐकलं. मग?"

"मग काही नाही. मी येतेय."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि विचारलं, किरणाचा कोन किती ठेवला होता. मी सांगायला लागले. माझ्या मागे दार उघडंच होतं. पायरी पुन्हा वाजली नाही, म्हणजे ताई अजून तिथेच उभी होती. मी मागे वळून पाहिलं नाही.